टोपातला नारळ

नाई सरत म्हणजे नाई सरत! घाला, घाला गाडी अंगावर!... असं म्हणत मी पदर खोचून त्या बुलेटच्या पुढच्या चाकासमोर उभी, अन् माहे नातजवाई रुपराव वर बसून असे घर्रर घर्रर करून राहिले, का गोळीबार चौकातली झोपलेली कुत्री उठून बसली! तुमाले सांगते, सत्तरी गाठलेल्या बाईनं भर रस्त्यात असं करू नये. कळते मले. पण मागच्या शिटेवर कोण? माही नात, तारा! सातवा महिना, दोन्ही पाय एका बाजूले टाकून बसलेली! मी तिले पयल्या बाळंतपणासाठी उमरेडले न्याले आली, अन् हे म्हणतात कसे, "आजी, बसमंदी धक्के लागतात. मी सोडतो ना भुर्रकन! तुमच्या आधी पोचतो!" आता माह्या आधी पोचून काय करता बापू? चूल तर मीच पेटवाची हाय ना!

पोरीले माय नाई. मी वाढवली. एक पाय मागाच्या पावडीवर, अन् दुसऱ्याच्या अंगठ्याले झोळीची दोरी... असं लुगडं विणलं अन् असं पोर वाढवलं. शाळा नाई पायली, सूत बांधून येते त्या रद्दी पेपरावरून अक्षरं शिकली. पण मागानं एक गोष्ट शिकवली: धागा तुटला का हात थांबला पाहिजे! नाई थांबला तर आख्खं लुगडं वाया. यायले कोण शिकवाचं?

"गाडी माही ऐकते, आजी!" म्हणे. गाडी ऐकत असन हो, तुम्ही कोणाचं ऐकता?

आता मी काही ऐकीव सांगून राहिली काय? बसलेली हाय मी त्या गाडीवर! गेल्या साली गांधीबागेतून सुताचं बंडल घेतलं, मांडीवर धरलं, अन् हे म्हणाले, "बसा आजी, मजा येईन." आली ना मजा! पदर उडाला तो थेट चाकाकडे! रिक्षावाला बोंबलते, "अम्मा, पल्लू! पल्लू!" मी बोंबलते, "बापू, थांबा!" अन् बापू एका हातानं केस सारखे करून राहिले! शेवटी ते सुताचं बंडल पाठीत हाणलं, तवा थांबले. वळून विचारतात, "काई झालं काय, आजी?" काई नाई झालं बाप्पा! लुगडं वाचलं, म्हातारी वाचली, तुमची पाठ तेवढी शेकली! धागा तुटला का हात थांबला पाहिजे... अन् इथं हात कुठं? भांगात!

बरं, उमरेडच्या रस्त्यावर पाटी हाय, 'पुढे वळण आहे, सावकाश जा.' मी विचारलं, वाचली काय? तर म्हणे, "त्या स्पीडमंदी पाटी दिसत नाई!" घ्या! अन् हे आमची तारा नेणार!

मी म्हटलं, तो टोप कुठं हाय? ते हेल्मेट का काय, गाडीसंगं आणलं होतं ते? तर आधी हासले, मंग म्हणे, "दोस्त हासतात आजी. बुलेटवर बसाचं अन् डोस्क्यावर भाताचा गंज उपडा घालाचा?" बरं, दोस्त उद्या दवाखान्यात हासत येतीन काय?

तेवढ्यात दारातून आमच्या इहीणबाई, मैनाबाई, "टोप कसा देऊ वं? खांडेनवमीले पूजा केली त्याची. पुजलेली वस्तू घामट केसावर घालाची?"

मी वाकून पायलं. तुमाले खोटं वाटन! देव्हाऱ्यात टोप, वर हळद-कुंकू, अन् आत नारळ. असा निवांत बसलेला, जसा दिवाळसणाचा जवाई!

"अवं इहीणबाई," मी म्हटलं, "नवमीले आमी मागाची पूजा करतो. मंग दुसऱ्या दिवशी त्यावर बसतो का नाई? का माग देव्हाऱ्यात ठेवून लुगडं बोटानं विणतो?"

"नारळ हलवला का अपशकुन होते!"

"अन् पोरगी पडली का?"

"काहून अभद्र बोलता? जवायाशी असं भांडतात काय?"

"आजी, सरा ना," जवाईबापू, "गल्ली पाहून राहिली, काहून तमाशा करता?" अन् पुन्हा घर्रर! अन् तारा, माही गुणाची तारा, खाली मान घालून म्हणते, "जाऊ दे ना आजी, हे हळू चालवतीन..." म्हणते खरी, पण एका हातानं नवऱ्याचा सदरा असा आवळलेला का बटन तुटाले आलं, अन् दुसरा हात पोटावर! तोंड नवऱ्याचं बोलून राहिलं, हात माह्याशी बोलून राहिले. धागा तुटला का हात थांबला पाहिजे, पण इथं थांबाले कोणी तयारच नाई!

काय करता? गुडघे दुखून राहिले, बस सुटाची वेळ झाली, नवरा तारेचा, सासू तारेची, अन् गल्लीही त्याइचीच. मी हारली बाप्पा. पदर सोडला, चाकासमोरून बाजूले झाली, अन् जाता जाता एवढंच बोलली... ते ऐकलं तशी गाडी बंद झाली, अन् तारा आपली आपण खाली उतरली:

"जा बापू, खुशाल जा, पण तुमच्या घरी टोप नारळाले हाय, तर मागच्या शिटेवर नारळच बसवा; माह्या तारेले नुसतं डोस्कं हाय, ती माह्यासंगं बसनं येईन!"