बारानंतरचं पान

(ब्रह्मदेशातल्या मोलम्याईनमधला दातांचा दवाखाना. वर्षावासातल्या अष्टमीची सकाळ. खुर्चीवर ऊ थाउंग, शेजारी त्यांची बायको दो म्या यी.)

थाउंग : आऽ... आआ... आऽऽ!

डॉक्टर : काका, बोलू नका. माझं बोट आहे तोंडात.

म्या यी : त्यांना जमायचं नाही, बाई. तीस वर्षं चैत्याच्या वळणावर कर्णा घेऊन बसतात. ‘द्या हो द्या, शिखराला सोनं लावायचंय!’ घरी मीठ मागतात तेही त्याच सुरात.

थाउंग : मग? माझा आवाज ऐकून ट्रकवाले थांबतात. दान द्यायला.

म्या यी : काही तर आवाज बंद व्हावा म्हणून देतात.

डॉक्टर : काका, आता तुमचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. किती जातात?

थाउंग : अडीच.

म्या यी : दोन.

थाउंग : तिसरं बोट माझं जन्मापासून जाड आहे.

डॉक्टर : तोंड कमी उघडतंय. आणि डाव्या गालात पांढरा चट्टा आहे. पुसून जात नाही. दिवसाला पानं किती?

थाउंग : सहा.

म्या यी : दहा.

थाउंग : सहा मी मागतो. चार ही न मागता लावून देते.

म्या यी : तोंडात पान असलं की तेवढा वेळ घरात शांतता असते, बाई.

डॉक्टर : आणि उपोसथाच्या दिवशी?

थाउंग : त्या दिवशी आठही शीलं कडक! दुपारी बारानंतर अन्नाचा कण शिवत नाही. आजही आहे उपोसथ.

डॉक्टर : पान शिवता?

थाउंग : पान म्हणजे अन्न थोडंच! भंतेसुद्धा दुपारी घेतात.

डॉक्टर : किती?

थाउंग : आता भूक लागली की एक...

म्या यी : पंधरा.

थाउंग : मोजतेस कशाला गं? व्रत माझं आहे.

डॉक्टर : तंबाखूसकट?

थाउंग : नुसत्या चुन्या-सुपारीनं भूक मरते होय?

डॉक्टर : म्हणजे ज्या दिवशी पुण्य जास्त, त्याच दिवशी तंबाखू जास्त.

थाउंग : असं माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. बाई, सरळ सांगा. कॅन्सर आहे?

डॉक्टर : चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. बरेचसे आयुष्यभर तसेच राहतात, एखादा उलटतो. कुठला उलटेल याचा अंदाज बांधावा लागतो. जागा कुठली, रंग एकसारखा की मिसळलेला, झोंबतो का. मग निळं औषध लावायचं, ते जिथं टिकून राहील तिथला मसुराएवढा तुकडा तपासायला पाठवायचा.

थाउंग : तुकडा? माझ्या तोंडाचा? अहो, शिखराचं सोनं अर्धंच लागलंय!

म्या यी : गालातला काढणार आहेत. कर्णा जिभेवर चालतो.

थाउंग : आणि निळ्या तोंडानं मी वळणावर बसू?

म्या यी : बसा. ट्रकवाले नक्की थांबतील.

डॉक्टर : आधी तंबाखू सोडा, काका.

म्या यी : मी किती सांगितलं, वर्षावास आहे, तीन महिन्यांसाठी काहीतरी सोडा.

थाउंग : हिनं सोडलंय, बाई. तिखट! वर्षावास लागल्यापासून मिरचीचा कण नाही. भंतेंनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. ते ऐकून आळीतल्या तिघींनी सोडलं. चौथ्या दिवशी तिघीही एकाच दुकानात मिरच्या घेताना भेटल्या.

डॉक्टर : मावशी, तिखटच का सोडलंत?

म्या यी : आवडीचं सोडावं म्हणतात ना.

थाउंग : आवडीचं माझंही आहे! चहाच्या पानांची कोशिंबीर मिरचीवाचून खातोय मी. ओला पुठ्ठा चघळल्यासारखं लागतं.

डॉक्टर : वर्षावास लागायच्या आधी तिखट सोसत होतं तुम्हाला?

म्या यी : बाई, आज खोटं न बोलण्याचं शील घेतलंय मी. हे आजच विचारायचं होतं का?

डॉक्टर : मावशी.

म्या यी : चैत्रातल्या पाण्याच्या सणापासून झोंबतंय. जिभेला. वर्षावास आला, म्हटलं बरं झालं, व्रतच घेऊ. कुणी विचारणार नाही.

थाउंग : चार महिने? आणि मला सांगितलं नाहीस?

म्या यी : तुम्ही ते कर्ण्यावरून सांगितलं असतं.

डॉक्टर : काका, उठा. मावशी, इथं बसा. जीभ बाहेर काढा... या बाजूला वळवा... हं. पान खाता?

म्या यी : उपोसथालाच. दोन.

थाउंग : मीच लावून देतो. भूक सोसत नाही तिला. चेहरा उतरला की मला बघवत नाही.

डॉक्टर : जिभेच्या कडेला आहे. लाल आणि पांढरं मिसळलेलं, वर खरखरीत. काकांच्या गालातला पांढरा आहे, सपाट, एकसारखा. तो वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. यावर मात्र माझा तेवढा भरवसा नाही.

थाउंग : काहीतरी चुकतंय, बाई. पंधरा मी खातो! ती दोनच. पुन्हा बघा. बॅटरी नीट धरा.

डॉक्टर : नुसती पानं मोजून ठरलं असतं तर माझं काम सोपं होतं, काका.

म्या यी : वर्षावास संपल्यावर येते मी. दोन महिन्यांनी.

डॉक्टर : नाही मावशी. आजच. हे अजून उलटलेलं नसेलही. उलटलं असलं तरी लवकर सापडलेलं बरं. पण न बघता थांबायचं नाही.

म्या यी : जिभेला सुई टोचणार?

डॉक्टर : एकदा. मग बधिर होते.

म्या यी : मला नाही जमायचं. चला हो, घरी चला.

थाउंग : म्या यी, ऊठ तू. मला बसू दे. बाई, हा माझा पानाचा डबा. तुमच्याकडे ठेवा, परत देऊ नका. आणि आधी माझा तुकडा काढा. तिला बघू दे.

म्या यी : तुम्ही? मघाशी शिखराचं सोनं आडवं येत होतं.

थाउंग : ते लागेल हळूहळू.

म्या यी : दुखलं तर मला खरं सांगाल ना? आज खोटं चालायचं नाही.

थाउंग : म्हणून तर तोंड उघडं ठेवणार आहे. मग काही सांगताच येणार नाही.

डॉक्टर : मोठं उघडा, काका. टोचतेय हं.

म्या यी : दुखतंय का हो?... अहो?... बाई, तीस वर्षांत पहिल्यांदाच गप्प बसलेत.

डॉक्टर : झालंच मावशी. तुम्ही अशा लांबून वाकून का बघताय? खुर्ची जवळ घ्या.

म्या यी : कशी घेऊ? माझा हात सोडत नाहीयेत.