एक बाटली टॉनिक

तुम्ही हसणार, माहितीये मला, पण लॉकडाऊनमध्ये मी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका दुकानाला पत्र लिहिलं होतं.

इथे परदेशात, क्लेटनच्या भाड्याच्या युनिटमध्ये तेव्हा मी एकटाच. हाउसमेट पुण्यात अडकलेला, माझ्या शिफ्ट्स बंद. दिवसभर लायब्ररीच्या साइटवर जुने पेपर वाचत बसायचो. त्यात एक जाहिरात दिसली. इथल्याच एका छोट्या गावातला दुकानदार साबण, चहा, घोड्याचे नाल आणि स्वतःचं टॉनिक विकत होता. टॉनिक कशावर? तर यकृत, टक्कल, निद्रानाश आणि उदासी! खाली पत्ता, आणि 'पत्र पाठवा, उत्तर नक्की मिळेल.'

उत्तर नक्की मिळेल, असं मला कित्येक दिवसांत कुणी म्हणालं नव्हतं. लिहिलं मग. इंग्रजीतच, पण शाळेतली सवय, पहिली ओळ आपोआप उमटली: मी इकडे मजेत आहे, तुम्हीही मजेत असाल. पुढे लिहिलं, झोप लागत नाही, एक बाटली पाठवा.

तीन आठवड्यांनी चक्क उत्तर आलं! त्या पत्त्यावर आता एक म्हाताऱ्या बाई राहत होत्या. "दुकान कधीच बंद झालं," त्यांनी लिहिलं होतं. "औषध नाही. पण तू मजेत आहेस, तर बाटली कशाला मागतोस?"

आईला रोज व्हिडिओ कॉलवर मी हेच सांगायचो, मजेत आहे. तीही तिकडून हेच सांगायची.

त्या बाईंना दुसरं पत्र लिहिताना मात्र मी ती पहिली ओळ गाळली.