लोणीफळाचा पाड

जबाब, दि. २७/०९/२००७

मी, अनुसयाबाई उत्तमसिंग राठोड, वय ५४ वर्षे, धंदा शेती, रा. विहिरीचा तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली, ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की,

आमचा मुलगा संतोष बंगलोरला हॉटेलात कामाला आहे. त्याने आणलेली लोणीफळाची बी मी विहिरीजवळ लावली. हे फळ जहाजात भरून देशोदेशी जाते, तिथले लोक ते भाकरीला लोण्यासारखे लावून खातात, असे तो सांगायचा. इतके मऊ फळ जहाजात टिकते कसे, हे त्याला सांगता आले नाही. तांडा हसला. पती म्हणाले, "पोरगं थापा मारून राहिलं." तेव्हापासून संतोष घरी आलेला नाही.

झाडाला दोन हंगाम फळ लागले. आमच्याकडे पहिला आंबा झाडावर पिकून पडला, म्हणजे पाड लागला, की मगच बाकीचे उतरवतात. मी तशीच पाडाची वाट पाहिली. फळे हिरवी, दगडासारखी टणकच राहिली. दसरा झाला की झाड तोडायचे, असे पतींनी ठरवले. मला ते फार लागले.

गणपतीच्या तोंडावर तांड्यावरील खेमा आडे याने सर्व फळे चोरली व सेनगावच्या बाजारात बिनमोसमी कैऱ्या म्हणून विकायला बसला. गिऱ्हाइकाने चावून पाहिल्यावर भांडण झाले. पोलिसांनी पोते जप्त केले. गणपतीच्या बंदोबस्तामुळे ते ठाण्यात बंदच राहिले.

आज मालाची ओळख पटवण्यासाठी मला व खेमाला ठाण्यात बोलावून पोते उघडले. फळे काळपट पडली होती. जमादार म्हणाले, "बाई, सडली." मी एक हातात घेतले तर बोट रुतले. पंचांसमक्ष कापले असता आत पिवळसर लोणी निघाले. जमादार खुर्चीवरून उठले. सर्वांनी मीठ लावून चाखले, खेमानेही.

झाडापासून तुटल्याशिवाय हे फळ पिकत नाही. टणक असतानाच ते जहाजात चढते आणि परमुलखात उतरून मऊ होते. एवढी समज या फळाला कोणी दिली, मला सांगता येत नाही. मी थक्क झाले आहे, असे लिहावे.

ठाण्याच्या फोनवरून संतोषला कळवले. तो म्हणाला, "याडी (आई), बासाठी एक ठेव."

खेमाविरुद्ध माझी तक्रार नाही. जप्त मालातील एक फळ पतींना चाखवण्यासाठी आजच मिळावे.

जमादारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. चव तेवढी कागदावर आलेली नाही, बाकी मजकूर मी सांगितला तसा बरोबर आहे.

(डाव्या हाताचा अंगठा)