मीठ पुडीतच राहिलं

मी मूळचा कोडोलीचा. आमच्या घरात माझ्याआधी कोण शिकलं न्हवतं, आई म्हणायची, एक तरी मास्तर होऊ दे रे घरात, गावानं नमस्कार करावा असा. झालो मास्तर. नुसता मास्तर न्हाय, मास्तर घडवणारा मास्तर. मंगळवार पेठेत राहतो आणि बी.एड. कॉलेजात विज्ञान कसं शिकवायचं ते शिकवतो, लई वर्षं झाली. आता रस्त्यात जुना विद्यार्थी वाकून नमस्कार करतो तेव्हा मला पाय मागं घ्यावंसं वाटतं. काय सांगू तुम्हाला, ऐकाच.

आमच्या पोरापोरींस्नी, म्हणजे उद्याच्या शिक्षकांस्नी, तो नवा शब्द आवडतो, स्टेम, स्टेम. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित सगळं एकत्र करून शिकवायचं म्हणं. भाषणात आवडतो. वर्गात जायची वेळ आली की घाम फुटतो. एक पोरगा तर मला तोंडावर म्हणाला, सर, स्टेम म्हणजे थर्माकोल, रंग आणि पाहुण्यांचा फोटो. सगळी हसली, मी पण हसलो. प्रयोगाची त्यांना भीती वाटते, कारण प्रयोग फसला की पाठ फसला आणि पाठ फसला की मार्कं गेली. ही भीती त्यांनी घरनं आणलेली न्हवती, पावणं. ती आम्हीच घातली त्यांच्यात.

आता पाण्याचाच प्रयोग घ्या. बॅटरीला एलईडी दिवा जोडायचा, वायरीची दोन टोकं पाण्यात सोडायची, पाण्यातनं वीज जाती हे दाखवायचं. पण साध्या पाण्यात दिवा कधी मिणमिणतो, कधी दिसतच न्हाय. म्हणून आमच्याकडं रीतच पडल्या, वर्गात जायच्या आधी पाण्यात चमचाभर मीठ गुपचूप टाकायचं. दिवा लागतो, पोरं टाळ्या वाजवतात, आम्ही शेरा लिहितो, प्रयोग यशस्वी. ही रीत मीच शिकवतो.

शाहीन म्हणून एक मुलगी हाय यंदा, माझ्याच कोडोलीची, शांत, पण एकदा धरलं की सोडणार न्हाय. ती म्हणाली, सर, पोरांस्नी फसवायचं कशाला, आधी बिनमिठाचं दाखवते, दिवा लागणार न्हाय, मग त्यांच्यासमोर मीठ घालते, लागंल, मग सांगते की ही बॅटरी बारकी हाय म्हणून असं झालं, मोटरीच्या करंटला मीठ लागत न्हाय, तो साध्या पाण्यातनं पण माणूस मारतो. मी म्हटलं, बाई, वेळ पुरायची न्हाय. पुरवते की, म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. शाहूवाडीकडल्या एका वाडीची शाळा, शाहीनचा सराव पाठ, मी मागच्या बाकावर परीक्षक. तिनं झऱ्याचं पाणी घेतलं, टोकं सोडली, दिवा लागला न्हाय. पोरं पुढं सरकली, एवढी गप्प की बाहेरच्या कोंबड्या ऐकू येत होत्या. एकानं विचारलं, दुसऱ्यानं विचारलं, ती प्रत्येकाला हात लावून बघू देत होती आणि वेळ सरत होता. आमचा नियम असा, की शेवटी प्रश्न, गृहपाठ आणि फळा पुसणं झालंच पाहिजे, न्हाईतर पाठ अपुरा. तिनं पर्समधनं मिठाची पुडी काढली आणि माझ्याकडं बघितलं. मी घड्याळावर बोट ठेवलं. आवर, अशी खूण केली.

तिनं पुडी परत ठेवली.

प्रश्न, गृहपाठ, फळा पुसणं, सगळं भराभर उरकलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची राणी नावाची पोरगी उठली, दोन वेण्या, खणखणीत आवाज, म्हणाली, बाई, म्हणजे आमच्या मामाच्या मळ्यात मोटरीची वायर पाण्यात पडत्या, आजी उगंच वरडती व्हय, पाण्यातनं करंट येतच न्हाय की. घंटा झाली. शाहीनच्या तोंडातनं सवयीनं शब्द गेला, शाब्बास. टाळ्या पडल्या. पोरं दप्तरं घेऊन सुसाट सुटली आणि मी बाकावर बसून शेरा लिहीत होतो, वेळेचे नियोजन उत्तम.

परतीच्या गाडीत कॉलेजच्या बाकीच्या पोरापोरींचा कालवा चाललेला, पार्टी द्या सर म्हणून. शाहीन खिडकीकडं तोंड करून होती. बांबवड्याजवळ म्हणाली, सर, ती पोरगी काय म्हणाली, ऐकलं न्हवं तुम्ही? ऐकलं होतं. तिथंच गाडी थांबवायला लावली मी.

त्या शाळेच्या हेडमास्तरांना फोन केला, पाण्यातनं करंट येतो हे पोरांस्नी कळवा म्हटलं. ते म्हणाले, सुट्टी लागली साहेब, पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकतो. टाकला त्यांनी. त्याच्यावर पणत्या, फुलं, शुभ दीपावली, पार खाली गेला तो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शाहीन परत वाडीत गेलो, दारोदार फिरलो. आयाबाया भात झोडत होत्या, हसल्या आम्हाला, मास्तर, सुट्टीत पण शाळा व्हय? पण पोरं गोळा झाली, शाहीननं अंगणात मीठ घालून दिवा लावून दाखवला, ओरडून ओरडून सांगितलं. सगळी भेटली. राणी न्हाय. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मामाकडं गेल्यात, नदीकाठी, पार निपाणीकडं का कुठं, तिथं आता उसाला पाणी चालू असंल. बापाचा नंबर दिला तिनं. लागत न्हाय. आजपण लावला, बंदच.

शाहीन आता म्हणते, सर, मी विज्ञान सोडते, भाषा शिकवीन, भाषेनं कोण मरत न्हाय. तिला थांब म्हणायला तोंड न्हाय मला, तरी थांब म्हटलं. तुझ्यासारखीच पाहिजेत, घड्याळ बघणारी आम्ही लई झालो.

सोमवारी शाळा उघडत्या. मी जाणार हाय, हजेरीच्या आधी. गुरुजी नावं घ्यायला लागले की दारात उभा राहणार. देवा, परमेश्वरा, अल्ला, कोण असशील तो, राणीच्या नावाला वर्गातनं आवाज येऊ दे.