खंड्या केकाटला की पळायचं

कुत्र्याला वळण लावायचं म्हणता? मग आमच्या खंड्याचं ऐका. भूकंपानंतर लातुरात आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, कुणीतरी सांगितलं की कुत्र्याला हादरा आधी कळतो. अण्णांनी लगोलग देवणीहून पिल्लू आणलं आणि घरात हुकूम काढला, “खंड्या केकाटला की हातातलं टाकून अंगणात पळायचं.”

खंड्या पहिल्यांदा केकाटला तो जेवताना. आम्ही ताटं सोडून पळालो. हादरा काही आला न्हाई. आत येऊन बघतो तर ताटं चाटूनपुसून साफ. त्यानंतर तो रोज जेवणाच्याच वेळी केकाटायला लागला.

आई म्हणाली, “अवो, लई लबाड हाय हे.”

“असू दे,” अण्णा म्हणाले. “पण पळायचं.”

मग एका दुपारी खरंच फळीवरची भांडी खडखडली. आम्ही सगळे अंगणात, अन् खंड्या कुठंच न्हाई. आई नको नको म्हणत असताना अण्णा आत शिरले आणि त्याला काखोटीला मारून बाहेर आले.

“झोपला होता,” अण्णा म्हणाले.

आईनं पदर सावरला. “पुढच्या हादऱ्याला ह्याला कुणी उठवायचं, ते आताच ठरवून ठेवा.”