चौथ्या मजल्यावरचा टब

मास्तरीण: नव्वद हजार. त्याच्या खाली एक पैसा नाही. आणि तो पाण्यातला हात काढा आधी. हात घातला की वस्तू आपलीच झाली असं वाटायला लागतं माणसाला.

शिवणवाली: गरम होतंय का ते बघत होते, बाई.

मास्तरीण: होतंय ना?

शिवणवाली: होतंय. पण फोनवर तुम्ही आठ फवारे म्हणाला होतात. चालतात सहाच.

मास्तरीण: दोनांत क्षार अडकलेत. सुईने टोचलं की मोकळे होतील.

शिवणवाली: आणि हे झाकण? ही शिवण बघा, उसवून नुसता दोरा लोंबतोय. मी पंचवीस वर्षं कपडे शिवतेय, माझ्या डोळ्यांतून सुटायची नाही. नवीन झाकणाला बारा हजार तरी मोडतील.

मास्तरीण: तुम्हाला कशाला मोडतील? तुम्ही तर घरीच शिवाल.

शिवणवाली: म्हणजे माझी मजुरी फुकट? चाळीस देते.

मास्तरीण: चाळीस! नवा केवढ्याला मिळतो, काही कल्पना?

शिवणवाली: आहे की. शोरूममध्ये जाऊन आले. तिथल्या साहेबांनी आधी माझ्या चपला बघितल्या, मग किमतीचं पत्रक दिलं. चार लाख. तेव्हापासून जुनेच बघतेय. हा चौथा. पहिल्याला तडा गेलेला, दुसऱ्याची मोटर जळालेली, आणि तिसऱ्यात बदकं होती.

मास्तरीण: बदकं?

शिवणवाली: तीन. मालक म्हणाला, बदकांसकट घ्या, वेगळे पैसे नाही लावत.

मास्तरीण: माझ्याकडे बदकंसुद्धा नाहीत. माणूसच अकरा वेळा बसला त्यात. आमच्या ह्यांची हौस. निवृत्त झाले आणि आलेला सगळा पैसा ह्यात ओतला. हौसेला मोल नसतं म्हणायचे. मी म्हटलं, आहे की, साडेतीन लाख आहे. बाराव्या वेळेला पाणी तापवून ठेवलं होतं आणि जेवून उठताना गेले. ते पाणी पुढे दोन दिवस गरमच होतं. मला बटण बंद करायचं सुचलंच नाही.

शिवणवाली: वाईट झालं हो, बाई.

मास्तरीण: झालं. म्हणून भाव कमी होत नाही. तुम्हाला कशाला हवाय?

शिवणवाली: असाच. हौस.

मास्तरीण: खोटं. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी. गृहपाठ न केलेलं पोर मला दारातून कळायचं. हौसेने घेणारं माणूस असं ओठ चावत नाही.

शिवणवाली: खरं सांगितलं की तुम्ही भाव चढवाल. गरज कळली की सगळेच चढवतात.

मास्तरीण: चढवायचा तेवढा चढवूनच सांगितलाय. बोला.

शिवणवाली: आमच्या ह्यांच्यासाठी. फरशी बसवायचे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांत गुडघ्यांवर. आता नसांचा आजार झालाय, अंग लाकडासारखं ताठत चाललंय. आधी पाय गेले, मग हात, आता आवाज. एवढा खणखणीत माणूस, तळमजल्यावरून हाक मारली की गच्चीवरचा गडी हातातलं टाकून धावायचा. आता पाणी मागतात ते मला ओठांवरून ओळखावं लागतं.

मास्तरीण: आणि गरम पाण्याने बरं वाटतं?

शिवणवाली: इस्पितळात गरम पाण्याचा हौद होता. बारा वेळा बसायला मिळालं, मग म्हणाले, कोटा संपला. बाराव्या दिवशी घरी आले आणि शर्टाचं बटण स्वतः लावलं. बाई, मी त्यांच्या सगळ्या शर्टांची बटणं काढून चिकटपट्ट्या शिवल्या होत्या. एकच शर्ट राहिला होता. तो घालून तसेच झोपले, काढू देईनात.

मास्तरीण: बाथरूममधला साधा टब नाही चालत?

शिवणवाली: त्यात खाली बसवलं की मला एकटीला उठवत नाहीत. ह्याला आत बाक आहे, छातीपर्यंत पाणी येतं. घराच्या मागे ओटासुद्धा बांधून झालाय. फरशी त्यांनीच निवडली, घसरणार नाही अशी. खुर्चीत बसून डोळ्यांनी दाखवत होते, इकडची फरशी तिकडे.

मास्तरीण: डॉक्टर काय म्हणतात?

शिवणवाली: म्हणतात, उतार पडायचा नाही. आहेत ते दिवस सुखाचे जाऊ देत. किती आहेत ते मी विचारलं नाही.

मास्तरीण: हं. पासष्ट.

शिवणवाली: दया म्हणून नको हं, बाई. दया जन्मभर फेडावी लागते. भाव म्हणून सांगा.

मास्तरीण: भाव म्हणूनच सांगतेय. रविवारी मी लेकीकडे कायमची जातेय. नवा भाडेकरू म्हणतो, गच्ची रिकामी करून द्या. मला विकायलाच हवाय. बघ, मीसुद्धा माझी गरज सांगून टाकली. आता तू दाबायचं तेवढं दाब.

शिवणवाली: पंचावन्न.

मास्तरीण: साठ.

शिवणवाली: झाकण उसवलंय.

मास्तरीण: सारखं झाकण झाकण काय करतेस! अठ्ठावन्न. आता जर तू तोंड उघडलंस तर मी त्यात बदकं सोडीन.

शिवणवाली: अठ्ठावन्न. हे पाच हजार विसार. बाकीचे टब उतरला की हातावर.

मास्तरीण: अगं, रडतेस काय?

शिवणवाली: रडत नाही. चार महिने फिरतेय, त्याचं काय ते येतंय डोळ्यांत. थांबा, मिस्त्रीला फोन करते. टेम्पो खाली कोपऱ्यावरच उभा आहे.

मास्तरीण: टेम्पो घेऊन आलीस? आणि मघापासून फवारे नि झाकण चाललं होतं ते?

शिवणवाली: टेम्पो दारात दिसला असता तर तुम्ही नव्वदवरून हलला असता का?

मास्तरीण: नसते हलले. चांगली आहेस. माझ्या वर्गात असतीस तर पहिल्या बाकावर बसवलं असतं, डोळ्यांसमोर.

मिस्त्री: वहिनी, हा जिना आहे का बोगदा! नमस्कार बाई. मी ह्यांच्या मालकांबरोबर वीस वर्षं काम केलंय. ठरलं का?

शिवणवाली: अठ्ठावन्न!

मिस्त्री: झकास! दादा खूश होतील. शेजारच्या पोराकडून सकाळपासून तीनदा फोन लावून घेतलाय मला, नुसताच श्वास ऐकू येतो, पण मी ओळखलं. कुठाय? हा? अरे बापरे.

शिवणवाली: काय झालं?

मिस्त्री: काही नाही. टेप धरा तिकडून. सात फूट. इकडूनही सात. उंची तीन. बाई, हा वर कसा आणला होता?

मास्तरीण: क्रेनने. समोरून. लोखंडी पट्ट्यांत बांधून, हत्तीच्या पिल्लासारखा झुलत झुलत आला. सगळी गल्ली बघायला जमली होती.

मिस्त्री: समोरून म्हणजे ह्या बाजूने? ही तर भिंत आहे.

मास्तरीण: तेव्हा नव्हती. तेव्हा मोकळं मैदान होतं. ही इमारत नंतर उठली.

मिस्त्री: मधे दोन फूट जागा आहे. दोन फुटांत क्रेन सोडा, मीच आडवा होऊन आलो. डावी-उजवीकडे घरं चिकटलेली. मागच्या बाजूला?

मास्तरीण: मागे विजेच्या तारा.

मिस्त्री: बघितल्या. जाड तारा आहेत, हात लावायची सोय नाही. राहिला जिना. खालचे तीन मजले उभा करून, कठडे काढून, कसातरी नेला असता. पण गच्चीचा हा शेवटचा जिना गोल आहे. लोखंडी. त्यात माणूसच खांदा आकसून चढतो.

शिवणवाली: भाऊजी, तुम्ही कपाट नव्हतं का उतरवलं एकदा? तेही नाहीच म्हणत होते सगळे.

मिस्त्री: कपाटाच्या फळ्या सुट्या होतात, वहिनी. हा एकसंध आहे.

शिवणवाली: मग कापून न्या. दोन तुकडे करून. तिकडे जोडू.

मिस्त्री: जोडेन मी. पाणी नाही धरणार. बाकात पाइप आहेत, फवाऱ्यांचे, हवेचे. कापला की भंगार. तुमचे अठ्ठावन्न हजार मला माझ्या करवतीने कापायला सांगू नका.

मास्तरीण: माझ्या डोक्यात आलंच नाही. वर गेलेली वस्तू खाली येतेच, बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी हे. स्वतःच्या गच्चीवरचा टब मात्र दिसला नाही मला. रोज कपडे वाळत घालते ह्याच्या शेजारी.

शिवणवाली: माझं चुकलं. आधी माणूस आणून मापं घ्यायला हवी होती. मला भावाचीच धास्ती. वाटलं, भाव जमला की सगळं जमलं.

मिस्त्री: माझंही चुकलं. वर येऊन बघायला हवं होतं, खाली बिड्या ओढत बसलो.

मास्तरीण: हे घे तुझे पाच हजार. घे म्हणते ना. आणि ऐक, त्यांनाच वर आणलं तर? रविवारपर्यंत टब माझाच आहे. पाणी तापलेलं आहे. चार माणसं लावून खुर्चीत...

मिस्त्री: मी उचलतो! दोघं गडी आणतो आणखी.

शिवणवाली: पाय वाकत नाहीत त्यांचे. खुर्चीच्या पुढे सरळ फळीसारखे असतात. टब जिथे वळत नाही तिथे ते कसे वळतील? गेल्या महिन्यात बँकेच्या आठ पायऱ्या उचलून नेत होतो, खुर्ची कलली. पडले नाहीत, पण तेव्हापासून उचलायचं नाव काढलं की डोळे मिटून घेतात.

मास्तरीण: म्हणजे हा खाली येत नाही आणि ते वर येत नाहीत.

शिवणवाली: आणि समजा आले, तरी रविवारपर्यंतच ना? पुन्हा चव दाखवायची आणि काढून घ्यायची. इस्पितळाने केलं तेच. नको, बाई.

मास्तरीण: तुझ्यासाठी पाचवा बघू आपण. मी चौकशी करते.

शिवणवाली: सहा महिन्यांपूर्वी चमचा धरत होते. आता मान धरत नाही. पाचवा मिळेपर्यंत बसवायला कोण उरेल? बोलायची गोष्ट नाही, पण आहे ते आहे. संपलं हे. ह्याचं काय करणार तुम्ही?

मास्तरीण: आता भाडेकरूच कापून टाकेल. टाकू दे. ह्यांचा शेवटचा हट्ट होता म्हणून मी भावाला धरून बसले होते. आता चाळीस म्हण, चार म्हण. फुकट ने.

शिवणवाली: फुकट मिळालं तरी कुठून नेऊ!

(शिवणवालीचा फोन वाजतो.)

शिवणवाली: ह्यांचाच आहे.

मिस्त्री: मी बोलू का, वहिनी? सांगतो, जिना आडवा आला.

शिवणवाली: नाही! जिना नाही सांगायचा. जिना म्हटलं की म्हणतील, मला चढता आलं असतं तर तिथे जाऊन बसलो असतो. सगळं आपल्या पायांवर ओढून घेतील. आठवडाभर तोंड फिरवून पडून राहतील.

मास्तरीण: मग काय सांगशील?

शिवणवाली: भाव जमला नाही. भाव न जमणं रोजचंच असतं. त्यात कुणाच्या पायांचा दोष नाही.

मास्तरीण: उचल मग. वाजून बंद होईल.

शिवणवाली: हं, बोला... हो, बघितला. चांगला आहे, पण भाव नाही जमत... नव्वद. खाली यायला तयारच नाहीत बाई... काय? जरा जोरात बोला... नाही. नाही म्हटलं ना! मशीन विकायचं नाही... अहो, ऐका माझं...

मास्तरीण: काय म्हणतात?

शिवणवाली: नव्वद तर नव्वद, देऊन टाक म्हणतात. फरशी कापायचं मशीन विकू म्हणतात. दर आठवड्याला मला त्याला तेल घालायला लावतात, पुन्हा कामावर जाणार म्हणून. आता काय सांगू मी? बाई, काय सांगू?

मास्तरीण: आण तो फोन. अहो फरशीवाले! सव्वा लाखाच्या खाली बोलायचं नाही! हो, सव्वा! मघाशी होता नव्वद, आता सव्वा. माझा टब, माझा भाव. परवडत असेल तर घ्या, नाहीतर बसा बादलीत!

मिस्त्री: अहो बाई, आजारी माणूस आहे तो!

मास्तरीण: गप्प बसा तुम्ही. घे गं, धर. काय म्हणतात आता?

शिवणवाली: शिव्या देतायत.

मास्तरीण: मला?

शिवणवाली: तुम्हाला, टबाला, टब बनवणाऱ्याला. लुटारू म्हणतायत. टाक तिथेच आणि चल घरी, त्या बाईच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नकोस, म्हणतायत.

मास्तरीण: देऊ देत. मोठ्याने देतायत का?

शिवणवाली: हो. फोन कानापासून लांब धरलाय, तरी ऐकू येतंय.