पावडर कोटिंगवर नारळ

अगं, आमचा तो लाल ट्रॅक्टर बघितलास ना, त्याची गंमत ऐक. नवरा माझा एअरफोर्समध्ये विमानं दुरुस्त करतो, त्यामुळे घरात त्याला कुणी काही शिकवायची सोय नाही. सध्या पोस्टिंग इकडे उत्तरेत, तर पंचकुल्याच्या भंगारवाल्याकडून गवत कापायचा जुना गार्डन ट्रॅक्टर आणला, सगळा सुटा केला आणि झाडून सगळ्या भागांना पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून पक्का केलेला जाड रंग, करून घेतलं. म्हणे, बदली व्हायच्या आत चालवून दाखवतो!

ट्रॅक्टरच्या पूजेला शेजारी जमले. यानं किल्ली फिरवली. ट्रॅक्टर ढिम्म. बॅटरी नवी, वायरी नव्या, आणि याचा चेहरा पडलेला.

"आधी नारळ तर फोडू," म्हणत मी तो ट्रॅक्टरच्या पायरीवरच आपटला.

"अगं, रंग!" तो ओरडला. टवका उडून आतलं लोखंड दिसायला लागलं. तो वाकून बघतच राहिला आणि एकदम हसत सुटला. "बॅटरीची अर्थिंगची वायर मी रंगावरच कसलीये! लोखंडापर्यंत करंट पोचणार कसा?"

वायरीखालचा रंग खरवडला, किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टर धडधडायला लागला.

लेक म्हणाली, "पापा, अपने हवाई जहाज़ पे भी मम्मा से नारियल फुड़वा लो!"